लेहच्या थंडीत स्कूटर चालेल का?

जून-जुलैच्या दिवसांत लेह गावात फेरफटका मारला, तर दुचाकींना तोटा नाही. फोर्ट रोडच्या कडेला आणि चांगस्पाच्या गल्लीत भाड्याच्या मोटारसायकलींच्या रांगा लागलेल्या असतात. त्या अवजड गाड्यांच्या मधूनमधून, मोठ्या माणसांच्या घोळक्यात लहान मूल उभे असावे तशा स्कूटर दिसतात. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असली, की ती भाड्याची. पांढरी पाटी असली, की ती गावातल्या कुणाची तरी स्वतःची. कुणी तिच्यावरून भाजी नेते, कुणी मुलाला शाळेत सोडते, कुणी चोगलमसरहून आठ किलोमीटर अंतर कापून कामावर येते.

तेच लेह जानेवारीत पाहावे. बरीचशी हॉटेले बंद, पॉप्लरची झाडे उघडीबोडकी, नळाला पाणी नाही; कारण जमिनीतल्या नळ्यांमध्येच पाणी गोठते. पाण्याचा टँकर आला, की बायाबापड्या कॅन घेऊन धावतात. रात्रीचे तापमान सरासरी उणे १४ अंशांच्या आसपास जाते आणि काही रात्री ते त्याहूनही खाली घसरते. दुपारी ऊन लख्ख असले, तरी पारा शून्याच्या आगेमागेच घोटाळतो. भाड्याच्या मोटारसायकली केव्हाच झाकून ठेवलेल्या असतात. रस्त्यावर उरतात त्या जीपगाड्या, लष्कराचे ट्रक आणि दुपारच्या उन्हात अधूनमधून दिसणारी एखादी स्कूटर!

ही स्कूटर पाहिली, की मैदानी मुलखातल्या माणसाला प्रश्न पडतो. जिथे पाण्याचा हंडा रात्रभरात दगड होतो, तिथे हे यंत्र सुरू तरी कसे होते? आणि झाले, तरी त्यावर बसावे का? लेहच्या एखाद्या कुटुंबासाठी हा प्रश्न गमतीचा नाही. दारात मोटार घेण्याची ऐपत सगळ्यांची नसते. स्कूटर हेच घरातले एकमेव वाहन असेल, तर ते वर्षातले किती महिने उपयोगी पडेल, यावर नोकरी, दुकान, मुलांच्या शिकवण्या आणि घरातल्या बाईचे बाहेर पडणे अवलंबून असते. अंदाज चुकला तर मनगट मोडते, कधी त्याहून वाईट घडते.

थंडी आहे, पण कोरडी

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, म्हणजे साडेअकरा हजार फुटांवर वसले आहे. डोंगराच्या धारेवर सतराव्या शतकातला राजा सेंगे नामग्याल याचा नऊमजली राजवाडा, त्याच्या पायथ्याशी जुने गाव आणि तिथून खाली सिंधू नदीकडे उतरत गेलेली नवी वस्ती. दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर जपानी बौद्धांच्या पुढाकाराने उभा राहिलेला शांतिस्तूप आहे. त्याचे उद्घाटन १९९१ मध्ये झाले. गावाचा पसारा फार मोठा नाही. शे हे जुने राजधानीचे गाव सुमारे १५ किलोमीटरवर, तर ठिकसेचा मठ १९ किलोमीटरच्या आसपास. अंतरे अशी, की चालत जायला लांब आणि मोटार काढायला जवळ. स्कूटर जन्मली ती अशाच अंतरांसाठी.

लेहचा हिवाळा कडक असला, तरी तो कोरडा असतो, ही गोष्ट मात्र बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. 'बर्फाचा प्रदेश' म्हटले, की डोळ्यांपुढे कंबरभर हिमाचे ढीग उभे राहतात. प्रत्यक्षात लेहमध्ये पाऊस आणि हिम मिळून वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाणी पडते. तेवढा पाऊस मुंबईत जुलैच्या एखाद्या दिवसात पडून जातो. हिमालयाच्या उंच रांगा मोसमी ढगांना पलीकडेच अडवतात, म्हणून हा मुलूख थंड असूनही वाळवंट आहे. लेहला हिम पडते, नाही असे नाही. पण बऱ्याचदा ते पातळ थराचे असते आणि उघड्या रस्त्यावरचा थर प्रखर उन्हात उडून जातो. त्यामुळे जानेवारीतही मुख्य रस्त्याचे डांबर दिवसेंदिवस कोरडे, उघडे राहू शकते.

आता श्रीनगर घ्या. उंची सुमारे १,५८५ मीटर, म्हणजे लेहच्या निम्म्याहूनही कमी. तिथली थंडीही लेहच्या मानाने सौम्य. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८.४ अंशांवर गेला आणि दल सरोवर गोठले, तेव्हा त्याची देशभर बातमी झाली. लेहला तेवढी थंडी हिवाळ्यातल्या कुठल्याही साध्या रात्री पडते. तरीही स्कूटरसाठी श्रीनगरचा हिवाळा अधिक अवघड! तिथे वर्षाला लेहच्या कितीतरी पट पाणी पडते. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा 'चिल्लई कलां' सुरू झाला, की दिवसा हिम वितळून रस्ता ओला होतो, रात्री तेच पाणी गोठते आणि सकाळी त्यावर धुके उतरते. लडाखमध्येच असलेल्या द्रासची गत याहून बिकट. झोजिला खिंडीच्या पलीकडचे हे गाव भरपूर हिम झेलते आणि तिथे हिवाळ्यात स्कूटरचा विचारही कुणी करत नाही.

तेव्हा थर्मामीटर पाहून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. स्कूटरला थंडी पाडत नाही, पाणी पाडते. उणे पंधरातल्या कोरड्या रस्त्यावर ती चालेल. शून्य अंशातल्या ओल्या रस्त्यावर घसरेल.

किक मारली, पण...

आधी यंत्राचे पाहू. थंडीत स्कूटर सुरू होत नाही याची कारणे मुख्यतः तीन. पहिले कारण इंजिनातले ऑइल. पुण्या-नागपूरकडे चालणारे जाड ऑइल लेहच्या रात्री काकवीसारखे घट्ट होते. त्यातून इंजिन फिरवायला किक किंवा स्टार्टर, दोघांनाही जड जाते. ऑइलच्या डब्यावर '१०डब्ल्यू-३०' असे जे लिहिलेले असते, त्यातला 'डब्ल्यू' हिवाळ्यासाठी असतो आणि त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ते ऑइल थंडीत पातळ राहते. म्हणून थंड मुलखात कंपनीच्या पुस्तिकेत बसणारे पातळ ऑइल हिवाळ्याआधीच भरून घ्यावे लागते.

दुसरे कारण बॅटरी. बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते. उणे १८ अंशांच्या सुमारास शिशाच्या बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते. म्हणजे ऑइल घट्ट झाल्याने जोर जास्त लागतो आणि नेमका त्याच वेळी बॅटरीचा जोर कमी होतो. नुसत्या बटणावर सुरू होणाऱ्या गाडीपेक्षा जिला किक आहे ती गाडी इथे बरी, असे म्हणतात ते उगीच नाही. अनेक घरांत बॅटरी रात्री काढून घरात आणून ठेवतात.

तिसरे कारण पेट्रोलची वाफ. पेट्रोल लेहच्या थंडीत गोठत नाही. पण ते पेटते वाफेच्या रूपात, आणि थंडीत त्याची वाफ नीट होत नाही. जुन्या स्कूटरचा चोक त्यासाठीच असायचा. तो ओढला, की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जायचे. स्कूटर एका अंगाला कलंडवून मग किक मारणारी वडीलधारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे शास्त्र वेगळे सांगायला नको.

इंधनाच्या बाबतीत मात्र या लहानग्या स्कूटरने मोठ्या ट्रकवर मात केली आहे. डिझेलमध्ये मेणासारखा अंश असतो. कडाक्याच्या थंडीत तो गोठून डिझेलची वाट तुंबते. लडाखचे ट्रकवाले वर्षानुवर्षे डिझेलच्या टाकीखाली स्टोव्ह पेटवून सकाळ सुरू करत. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलने लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल आणले, तेव्हा ही कसरत कमी झाली. पेट्रोलवर चालणाऱ्या स्कूटरला ही अडचण कधीच नव्हती. मात्र ट्रकवाल्याचे पाहून स्कूटरखाली विस्तव पेटवण्याचा विचार चुकूनही करू नये. पेट्रोल आणि डिझेलच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

थंडीच्या जोडीला विरळ हवा असते. लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो. माणसाला जिना चढताना जी धाप लागते, तीच इंजिनालाही लागते. त्याची जवळपास एक-तृतीयांश ताकद इथे आपोआप कमी होते. मैदानात आठ अश्वशक्तीची असलेली स्कूटर लेहला पाच-साडेपाचचीच उरते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाऊन काळा धूर येई, प्लग काळवंडे. मग मेकॅनिक जेट बदलून देई. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी इंजेक्शनची यंत्रणा आली. ती हवेचा अंदाज घेऊन पेट्रोल कमी-जास्त करते. त्यामुळे नवी गाडी सुरू होण्याच्या बाबतीत बरीच शहाणी झाली आहे. हवा कमी म्हणून गेलेली ताकद मात्र तीही परत आणू शकत नाही. बाजाराकडून विमानतळाच्या दिशेने उतरताना झरझर जाणारी स्कूटर परतीच्या चढावर दोन माणसे बसली, की कण्हू लागते.

छोट्या चाकांची मोठी गोष्ट

स्कूटरची रचना मुळात कशी झाली, हे पाहिले की तिचे गुण आणि दोष दोन्ही कळतात. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत स्वस्त वाहनाची गरज होती. १९४६ मध्ये पिआज्जो कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचा रचनाकार कोराडिनो दास्कानिओ हा विमान-हेलिकॉप्टरच्या क्षेत्रातला अभियंता, आणि त्याला मोटारसायकल मुळीच आवडत नसे. मोटारसायकलवर टांग टाकून बसावे लागते, कपडे तेलाने माखतात, चाक पंक्चर झाले तर काढायला त्रास. म्हणून त्याने मधली जागा मोकळी ठेवली, पुढे पत्र्याची ढाल दिली, इंजिन झाकले आणि चाके लहान, चटकन बदलता येतील अशी केली.

हीच व्हेस्पा परवान्याखाली पुण्याजवळच्या आकुर्डीत बनू लागली आणि भारतीय मध्यमवर्गाच्या दारात स्कूटर उभी राहिली. पुढे १९७२ मध्ये आलेल्या चेतकचे नाव तर राणा प्रतापाच्या घोड्यावरून ठेवलेले. नवरा, बायको, पुढे उभा राहिलेला थोरला, आईच्या मांडीवर धाकटी आणि मागे स्टेपनी, असा अख्खा संसार तिच्यावरून गेला.

थंड मुलखात या रचनेचे काही फायदे चांगलेच जाणवतात. लडाखी स्त्री-पुरुषांचा पारंपरिक पोशाख म्हणजे गोंचा. हा पायघोळ, जाड लोकरीचा अंगरखा घालून मोटारसायकलवर टांग टाकणे अवघड, स्कूटरवर बसणे सोपे. काश्मीरमधल्या फेरनचेही तसेच. पुढच्या ढालीमुळे गुडघ्यांना वारा थोडा कमी लागतो. सीट ठेंगणी असल्याने बिकट जागी दोन्ही पाय जमिनीवर टेकवून गाडी हळूहळू सरकवता येते. गाडी हलकी असल्याने कलली, तरी एकट्या बाईला उचलता येते. पर्वतातल्या गावांत मुलींनी स्कूटर जवळ केली, त्यामागे हीच कारणे आहेत. सामायिक टॅक्सी भरेपर्यंत थांबायचे, कुणी सोबत येईल का म्हणून वाट पाहायची, हे स्कूटरमुळे संपते.

पण बर्फावर लहान चाक घात करते. चेतकची चाके दहा इंची होती आणि आजच्या अनेक स्कूटरची चाकेही दहा किंवा बारा इंचीच असतात. मोठे चाक ज्या खड्ड्यावरून तरंगत जाते, त्यात लहान चाक उतरते. रस्त्यावर गोठलेल्या चाकोरीची जरा उंच कड असली, तरी हँडलला झटका बसतो. टायरचे रबर थंडीत कडक होते आणि त्याची पकड कमी होते. त्यात बर्फ आला, तर सुक्या डांबरावरच्या पकडीचा अगदी थोडा अंश उरतो. चारचाकी घसरली, तर आडवी होऊन थांबते. दुचाकी घसरली, की सरळ आडवी पडते आणि सोबत माणूसही पडतो.

सगळ्यांत फसवा असतो तो न दिसणारा बर्फ. लेहच्या गल्ल्यांतून शेतीच्या पाण्याचे छोटे पाट जातात, त्यांना लडाखीत 'युरा' म्हणतात. कुठे पाट तुंबून पाणी बाहेर येते, कुठे टँकरमधून सांडते, कुठे धुण्याचे पाणी गल्लीत ओततात. दुपारी हे पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेला, की अर्ध्या-पाऊण तासात त्याची काच होते. काळ्या डांबरावरची ही पारदर्शक काच ओला डाग वाटते. राजवाड्याच्या बाजूच्या अरुंद, सावलीतल्या गल्ल्यांत तर ती दिवसभर वितळत नाही. म्हणून जाणता स्कूटरस्वार मोठ्या रस्त्यावरून लांबचा फेरा घेतो, पण सावलीच्या आखूड गल्लीत शिरत नाही. अशा काचेवर अचानक ब्रेक दाबणे म्हणजे पडण्याचीच तयारी. वेग आधीच कमी केलेला असावा, पुढचा ब्रेक जपून वापरावा, हँडल वळवू नये आणि गाडी सरळ रेषेत आपसूक जाऊ द्यावी, एवढेच माणसाच्या हाती असते.

गाडी चालेल, पण माणूस?

यंत्राचे जमले आणि रस्ताही कोरडा मिळाला, तरी तिसरा प्रश्न राहतो तो अंगाचा. उणे दहा अंशांत तीस किलोमीटरच्या वेगाने गेले, तर उघड्या कातडीला ती थंडी जवळपास उणे वीससारखी लागते. नुसते शून्य अंश असले आणि वेग चाळीसचा असला, तरी ते उणे सातसारखे झोंबते. म्हणजे स्कूटरवर बसणारा माणूस स्वतःच स्वतःची थंडी वाढवत असतो. वेग कमी ठेवणे हे घसरण्यावर जसे औषध आहे, तसेच गारठण्यावरही.

सर्वांत आधी बोटे जातात. बोटे बधिर झाली, की ब्रेक किती दाबला गेला तेच कळत नाही, आणि इथे थंडीचा प्रश्न अपघाताचा होतो. साधे लोकरी मोजे वाऱ्यापुढे टिकत नाहीत. आत लोकर आणि बाहेर वारा अडवणारे कातडे किंवा रेक्झिन, असा जोड हवा. काश्मिरी माणूस फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून हिवाळा काढतो. स्कूटरवर ती सोय नाही. दोन्ही हात गुंतलेले, आणि निखारे घेऊन पेट्रोलच्या टाकीवर बसणे हा तर वेडेपणाच.

ज्या देशांत हिवाळ्यातही स्कूटर सोडलेली नाही, तिथल्या लोकांनी यावर तोडगे काढले आहेत. इटलीच्या मिलानमध्ये थंडीत स्कूटरस्वार कमरेपासून पायांपर्यंत गोधडीसारखे जाड पांघरूण बांधून कामावर जातात. ते गाडीलाच अडकवलेले असते. उत्तर चीनमध्ये, बीजिंगसारख्या शहरात, विजेवरच्या लाखो स्कूटरना पुढून रजई लावलेली दिसते आणि हात घालायला तिला दोन खिसे असतात. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे जर्किन उलटे घालून, छातीशी वर्तमानपत्र खोचून निघणाऱ्या माणसाचेही शास्त्र हेच, वारा अडवा! फरक एवढाच, की पुण्यात चुकले तर सर्दी होते आणि लेहला चुकले तर बोटे गोठू शकतात.

काही काळजी मात्र सगळीकडे सारखीच. मफलर किंवा ओढणीचे टोक मोकळे लोंबू देऊ नये. ते चाकात गेले, तर गळ्याला फास बसतो. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटते, म्हणून ती बोटभर उघडी ठेवावी. नाक-तोंड झाकले, तरी डोळ्यांपुढचे स्वच्छ दिसले पाहिजे.

हिवाळ्याची झोप

लडाखी माणूस हिवाळ्याशी भांडत नाही, त्याची तयारी करतो. बटाटे, सलगम, मुळे जमिनीतल्या खड्ड्यात पुरून ठेवायचे, शेणाच्या गोवऱ्या आणि लाकूड रचून ठेवायचे, ही शिस्त त्याच्या अंगी मुरलेली आहे. गावाचे वेळापत्रकही हिवाळ्यानुसार बेतलेले असते. शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यातच मिळते. त्यामुळे ज्या दिवसांत स्कूटर चालवणे धोक्याचे, त्याच दिवसांत तिची गरजही कमी झालेली असते. अनेकजण डिसेंबरच्या मध्याला स्कूटर ठेवून देतात आणि मार्चमध्ये बाहेर काढतात.

ठेवून देणे म्हणजे नुसते झाकणे नव्हे. टाकी भरून ठेवली, तर रिकाम्या जागेत दमट हवा साचून पाणी होत नाही. कार्ब्युरेटर असेल, तर त्यातले पेट्रोल काढून टाकावे, नाहीतर ते सुकून चिकट थर बसतो. बॅटरी काढून घरात ठेवावी, मात्र बुखारीच्या अगदी जवळ नको. गाडी मधल्या स्टँडवर उभी करावी, टायरमध्ये हवा पुरेशी ठेवावी. जी गाडी अधूनमधून वापरायची असेल, ती दक्षिणेकडच्या भिंतीशी, ऊन लागेल अशी लावावी. अकरा वाजेपर्यंत उन्हाने इंजिन जरा सैल होते. किल्ली न फिरवता पाच-सहा वेळा किक मारून ऑइल हलवून घ्यावे आणि मग सुरू करावे. सुरू झाल्यावर लगेच निघू नये. आणि एक गोष्ट कधीही करू नये. बाहेर गारठा आहे म्हणून बंद खोलीत किंवा बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो बसल्या जागी जीव घेतो.

सुट्या भागांचाही विचार करावा लागतो. झोजिला खिंडीचा रस्ता पूर्वी हिवाळ्यात चार-पाच महिने बंद राही. अलीकडच्या वर्षांत सीमा सडक संघटनेने हा काळ बराच कमी केला आहे. तरीही ऐन जानेवारीत क्लचची तार किंवा ब्रेकचा लायनर गेला आणि तो गावात नसला, तर थांबण्यावाचून इलाज नसतो. म्हणून तार, प्लग, बल्ब असा किरकोळ ऐवज लोक ऑक्टोबरमध्येच घेऊन ठेवतात, जशी डाळ-पीठ भरून ठेवतात तशीच.

विजेवर चालली तर?

आता प्रश्न विजेवरच्या स्कूटरचा. बजाजने पेट्रोलच्या स्कूटर बनवणे थांबवले आणि २०२० च्या जानेवारीत चेतक हे नाव विजेवरच्या गाडीला मिळाले. विजेच्या मोटारीला हवा लागत नाही, त्यामुळे उंचीवर तिची ताकद घटत नाही. ऑइल घट्ट होणे, वाफ न होणे, प्लग काळवंडणे, या कटकटीही नाहीत. लेहच्या चढांना ती उत्तम!

पण थंडी तिला दुसरीकडून गाठते. लिथियमची बॅटरी गारठली, की एका चार्जिंगमध्ये गाडी जितकी जायची त्यात मोठी घट होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, शून्याखाली गेलेली बॅटरी तशीच चार्ज केली, तर तिच्या आत धातूचा थर जमून ती कायमची खराब होऊ शकते. म्हणून ज्या गाडीची बॅटरी काढून घरात नेता येते आणि खोलीच्या उबेत चार्ज करता येते, तीच अशा ठिकाणी घ्यावी. बीजिंगचा हिवाळा विजेच्या स्कूटरवर निघतो, तो असाच जपून. आणि रस्त्यावरचा बर्फ मात्र गाडी पेट्रोलची की विजेची हे पाहत नाही.

पाहुण्यांसाठी चार शब्द

दरवर्षी महाराष्ट्रातून हजारो माणसे लडाख पाहायला जातात. विमानातून उतरल्या उतरल्या स्कूटर भाड्याने घ्यावी, असा मोह अनेकांना होतो. पण पहिले दोन दिवस विश्रांतीचेच समजावेत. विरळ हवेत डोके दुखते, झोप नीट लागत नाही, हातापायांचा मेळ जरा उशिरा बसतो. अशा अवस्थेत अनोळखी उतारावर गाडी हाकणे बरे नव्हे. तिसऱ्या दिवसापासून शांतिस्तूप, शे, ठिकसे, सिंधूचा काठ, एवढ्या फेरीला उन्हाळ्यात स्कूटर छान.

खारदुंगलाला मात्र तिच्यावरून जाऊ नये. ही खिंड लेहपासून सुमारे ४० किलोमीटरवर, ५,३५९ मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. स्कूटरवरून तिथे पोहोचलेले लोक आहेत, हे खरे. पण भर उन्हाळ्यातही तिथे हिम पडू शकते, वितळलेले पाणी रस्त्यावरून वाहते आणि इंजिन निम्म्या ताकदीवर असते. दोन माणसांना घेऊन चढणारी स्कूटर मध्येच दमली, तर मागून लष्कराच्या गाड्यांची रांग आणि बाजूला दरी. छायाचित्रासाठी एवढे पणाला लावू नये.

हिवाळ्यात जाणाऱ्यांनी तर स्कूटरचा नादच सोडावा. गावातला माणूस जानेवारीत स्कूटर काढतो, तेव्हा कुठल्या वळणावर सावली असते, कुठल्या घराचे पाणी गल्लीत येते, हे त्याला पाठ असते. पाहुण्याला ते ठाऊक नसते.

मग थंड प्रदेशात स्कूटर व्यवहार्य आहे का? लेहचे उत्तर असे, की वर्षातले आठ-नऊ महिने अगदी निर्धास्तपणे. उरलेल्या दिवसांत फक्त अकरा ते तीनच्या दरम्यान, कोरड्या रस्त्यावर, कमी वेगाने आणि एकट्याने. ज्या दिवशी रस्ता ओला असेल किंवा हिम भुरभुरत असेल, त्या दिवशी सामायिक टॅक्सीचे पैसे मोजावेत. वीस-पंचवीस रुपये वाचवायला जाऊन हाड मोडले, तर अख्खा हिवाळा अंथरुणात जातो आणि घरातली कामे दुसऱ्याच्या अंगावर पडतात. गाडी घेण्याआधी थंड गावातल्या माणसाने हवामानाचा आकडा विचारण्यापेक्षा आपल्या दारापासून कामाच्या जागेपर्यंतचा रस्ता एकदा भर हिवाळ्यात सकाळी पायी चालून पाहावा. जिथे पाय घसरतो, तिथे चाकही घसरणार. आणि पाय कुठेच घसरला नाही, तर उणे पंधरा अंशांच्या गावातही स्कूटर खुशाल घ्यावी.